रिफ्लेक्सॉलॉजी: तळपायाचा नकाशा, त्यामागचा विचार आणि पूरक उपचार म्हणून तिची जागा

पायवाट

मागे एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की तळपायावरचे पॉइंट दाबून थायरॉइड बरा होतो का, आणि त्यावर दोनच प्रकारची उत्तरं आली, एक "हो होतो, गोळ्या बंद करून बघा" आणि दुसरं "सगळी लूट आहे, जाऊच नका". मला दोन्ही पटली नाहीत, आणि पहिलं तर धोकादायक वाटलं, म्हणून हा वेगळा धागा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नंतर रिफ्लेक्सॉलॉजी रीतसर शिकले, आता बरंचसं काम कॅन्सरच्या आणि लांबलेल्या आजारांच्या पेशंटसोबत चालतं. त्यामुळे ही गोष्ट मला मनापासून जवळची आहे आणि म्हणूनच तिच्याबद्दल वाढवून सांगितलेलं मला सहन होत नाही.

तर आधी ही आहे काय. पाऊल, तळहात आणि काही पद्धतींत कान, यांवर शरीरातल्या अवयवांशी जोडलेल्या जागा असतात आणि तिथे ठरावीक पद्धतीने दाब दिला की त्या त्या अवयवावर परिणाम होतो, असं ही पद्धत मानते. "मानते" हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, त्याबद्दल पुढे बोलूच. नकाशा साधारण असा: अंगठा म्हणजे डोकं, बाकीची बोटं सायनस, बोटांच्या मुळाशी डोळे आणि कान, चवड्यावर छाती आणि फुप्फुसं, मधल्या खोलगट भागात जठर, स्वादुपिंड, मूत्रपिंड, टाचेकडे आतड्यांचा शेवट आणि ओटीपोट. पावलाची आतली कड म्हणजे पाठीचा कणा. यकृत उजव्या पायावर कारण ते शरीरात उजवीकडे, हृदय मुख्यतः डाव्या. घोट्याच्या आतल्या बाजूला गर्भाशय किंवा प्रोस्टेट.

ही फार प्राचीन विद्या आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि पुरावा म्हणून इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या आंखमाहोरच्या थडग्यातलं चित्र दाखवतात, सुमारे ४३०० वर्षांपूर्वीचं. त्या चित्रात माणसं एकमेकांच्या हातापायांवर काहीतरी करताहेत एवढंच दिसतं. तळव्यावर अवयवांचा नकाशा तिथे कुठेही नाही. आज आपण जिला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतो ती विसाव्या शतकातली अमेरिकन गोष्ट आहे. कनेटिकटमधल्या हार्टफर्डचे कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे डोक्यापासून बोटांपर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, आणि बोटांना रबरबँड, चिमटे लावून त्याच पट्ट्यातली दुसरीकडची वेदना बोथट होते असं त्यांचं म्हणणं होतं. १९१७ साली एडविन बॉवर्स यांच्यासोबत त्यांनी यावर पुस्तक काढलं. पुढे युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी १९३० च्या दशकात सगळं लक्ष पावलांवर आणलं, रुग्णांचे पाय तपासत तपासत नकाशा भरला आणि १९३८ मध्ये पुस्तक लिहिलं. नंतर १९६० च्या दशकात डोरीन बेली यांनी ही पद्धत ब्रिटनमध्ये नेली, जर्मनीत हन्ने मार्क्वार्ट यांनी.

प्रत्यक्ष सेशन पाऊण तास ते एक तासाचं. आधी आजार, औषधं, ऑपरेशनं यांची विचारपूस. कपडे काढायचे नसतात, फक्त बूट-मोजे. तुम्ही आरामात टेकून बसता किंवा झोपता, थेरपिस्ट पायाशी बसतो. मुख्य तंत्र म्हणजे अंगठ्याचं पेर वाकवत-सरळ करत सुरवंटासारखं पुढे सरकत दाब देणं. तेल फारसं वापरत नाहीत कारण अंगठा घसरतो, थोडी पावडर किंवा क्रीम. दाब पक्का असतो त्यामुळे गुदगुल्या होत नाहीत, हे सगळ्यांना आधी सांगावं लागतं.

आणि माझं मत आत्ताच सांगून टाकते. चालू उपचारांच्या जोडीने, मन आणि शरीर निवांत व्हावं म्हणून, जरूर घ्या. रोगाचं निदान करायला किंवा औषधाऐवजी अजिबात नको.

गवतफुला

छान लिहिलंय पायवाटताई. एक बेसिक शंका, हे आणि ॲक्युप्रेशर एकच ना? आणि सुजोक? मला तिन्ही एकच वाटायचं.

पायवाट

गवतफुला, तिन्हीत दाब आहे म्हणून गोंधळ होतो. ॲक्युप्रेशर चिनी वैद्यकातून आलेलं, त्यात अंगभर मेरिडियन म्हणजे ऊर्जेच्या वाहिन्या आणि त्यांवरचे बिंदू मानतात, उदाहरणार्थ मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं वर जो बिंदू दाबतात तो, त्यावर अभ्यासही बरेच झाले आहेत. सुजोक कोरियातल्या पार्क जे-वू यांनी १९८० च्या दशकात मांडलं, तळहात-तळपायावर आख्खं शरीर कल्पून तिथे बिया, छोटे मॅग्नेट, सुया वगैरे वापरतात. कानाचा नकाशा फ्रान्सच्या पॉल नोजिए यांचा, १९५० च्या दशकातला. रिफ्लेक्सॉलॉजीत मेरिडियन नाहीत, पट्टे आहेत, आणि हात सोडून दुसरं साधन सहसा नाही. एकाच बोर्डवर तिन्ही नावं लिहिलेली असतात तेव्हा ती व्यक्ती नक्की काय शिकली आहे हे विचारून घ्या.

नीरव

लेख प्रामाणिक आहे, आवडला. पण नकाशाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं म्हणून लिहितो, मी शरीररचनाशास्त्र शिकवतो.

एका अवयवाचं दुखणं दुसरीकडे जाणवतं हे खरंच घडतं. हार्ट अटॅकमध्ये डावा हात दुखतो तो यामुळेच, हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा आणि हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेच्या नसा पाठीच्या कण्यात जवळपास एकाच पातळीवर शिरतात आणि मेंदूची गल्लत होते. इंग्लंडचे मज्जासंस्थेचे डॉक्टर हेन्री हेड यांनी १८९० च्या दशकात अशा जागा पद्धतशीर टिपल्या होत्या. रिफ्लेक्सॉलॉजीवाले नेहमी याचाच दाखला देतात. पण तळपायाच्या नसा कण्यात शिरतात त्या कमरेच्या खालच्या भागात आणि माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीच्या भागात, तर हृदय, यकृत, जठर यांच्या वेदनेच्या नसा छातीच्या पातळीवर. म्हणजे दोघांची गाठ पडेल अशी जागाच नाही. चवड्यापासून फुप्फुसापर्यंत किंवा अंगठ्यापासून मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीपर्यंत जाणारा वेगळा मार्ग आजवर कोणी दाखवलेला नाही. शिवाय वेगवेगळ्या शाळांचे नकाशेच एकमेकांशी जुळत नाहीत, कुठे हृदय फक्त डाव्या पायावर, कुठे दोन्ही पायांवर.

निदानाची परीक्षाही झाली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सहा ठरावीक आजारांपैकी एक किंवा अधिक आजार असलेले १८ जण घेतले, दोन अनुभवी रिफ्लेक्सॉलॉजिस्टना त्यांचे फक्त पाय तपासायला दिले, बोलायची परवानगी नाही. आजार ओळखता आले नाहीत, आणि माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोघांचं आपसातही जमलं नाही.

उपचाराचं म्हणाल तर पूरक उपचारांवर संशोधन करणारे एड्झार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये १८ नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला होता, त्यांचा निष्कर्ष असा की कुठल्याही आजारावर ही पद्धत परिणामकारक आहे असं खात्रीने दाखवणारा पुरावा नाही. ऑस्ट्रेलियात सरकारी आढाव्यानंतर १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य विम्याच्या सवलतीतून ज्या उपचारपद्धती वगळल्या त्यात हीपण होती.

अनुबंध

नीरव सर, अभ्यास काय म्हणतात ते ठीक आहे पण अनुभव पण बघा ना. मला कित्येक वर्षं मायग्रेन आहे, रिफ्लेक्सॉलॉजी सुरू केल्यापासून अटॅक कमी तीव्र वाटतात आणि झोप तर इतकी छान लागते की सेशनच्या दिवशी घरचे फोनच करत नाहीत मला. आणि माझ्या थेरपिस्टने किडनीचा पॉइंट दाबला तेव्हा मी ओरडलोच, त्या म्हणाल्या तिथे क्रिस्टल जमलेत, किडनी कमजोर आहे. अंगठ्याखाली कचकच लागत होतं ते मलाही कळत होतं. मग हे कसं काय? आणि पीएमएसवर, म्हणजे पाळीआधीच्या त्रासावर, फायदा झाल्याची चाचणी वाचली होती मी, तिचं काय?

पायवाट

अनुबंध, मायग्रेनला आराम पडतोय ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती कोणी काढून घेत नाहीये तुमच्याकडून. ताण आणि अपुरी झोप ही मायग्रेन चाळवायची नेहमीची कारणं आहेत, तासभर शांत पडून राहिल्यावर ती सैल होत असतील तर त्यात नवल नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र चालू ठेवा.

किडनीचं मात्र मनातून काढून टाका. ज्या जागेला किडनीचा पॉइंट म्हणतात ती पावलाच्या कमानीच्या मधोमध येते, तिथे त्वचेखाली तळव्याचा जाड पडदा ताणलेला असतो, अंगठा वाकवणाऱ्या स्नायूची दोरी तिथूनच जाते. दिवसभर उभं राहणं, सपाट पाऊल, घट्ट पोटऱ्या, चुकीचे बूट, यांतलं काहीही असलं तरी ती जागा दुखते. कचकच लागतं ते तळव्यातल्या चरबीचे कप्पे आणि तंतुमय पेशी, थोडं पुढेमागे सरकतात. युरिक ॲसिडचे क्रिस्टल खरंच होतात पण ते गाऊटमध्ये सांध्यात, तिथे इतकी आग असते की माणूस चादरसुद्धा लागू देत नाही, आणि ते अंगठ्याने फुटत नाहीत, त्याला औषध लागतं. किडनी कशी आहे हे रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी सांगते. शंका राहिली असेल तर ती करून घ्या आणि मोकळे व्हा. पण थेरपिस्टने असं निदान सांगणं मला अजिबात मान्य नाही, आमच्या शिक्षणात पहिल्याच आठवड्यात बजावतात की निदान करायचं नाही, औषध बदलायला सांगायचं नाही. बाहेर पडल्यावर लोक विसरतात.

नीरव

अनुबंध, पीएमएसची चाचणी १९९३ ची, ३५ बायका, कान-हात-पाय तिन्हीवर रिफ्लेक्सॉलॉजी. खरे पॉइंट दाबलेल्या गटात भलतीकडे दाबलेल्या गटापेक्षा लक्षणं जास्त कमी झाली, हे बरोबर. पण चाचणी लहान आहे, आणि इथे एक अवघड प्रश्न येतो जो मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गोळीची चाचणी घेताना खोटी गोळी देता येते, ना डॉक्टरला कळतं ना पेशंटला. इथे खोटा उपचार द्यायचा कसा? देणाऱ्याला तर कळतंच की आपण खरे पॉइंट दाबतोय की भलतीकडे. मग उत्तम मार्ग म्हणजे एका गटाला रिफ्लेक्सॉलॉजी, दुसऱ्याला तेवढाच वेळ, तेवढ्याच आपुलकीने साधा पायांचा मसाज. २००२ साली ७६ बायकांवर मेनोपॉजच्या (पाळी जातानाच्या) लक्षणांसाठी अशीच चाचणी झाली. चिंता, उदासी, हॉट फ्लशेस म्हणजे अंगातून येणाऱ्या गरम वाफा दोन्ही गटांत कमी झाले, आणि दोन गटांत फरक पडला नाही. त्याच वर्षी आयबीएसच्या, म्हणजे आतड्यांच्या लांबलेल्या त्रासाच्या, ३४ पेशंटवर, तिथेही दोन गटांत फरक नाही. दम्यावर डेन्मार्कमध्ये झाली, तीच गत. जिथे तुलनेला "काहीच केलं नाही" असा गट ठेवलाय तिथे रिफ्लेक्सॉलॉजी भारी ठरते, जिथे साधा मसाज ठेवलाय तिथे बहुतेक वेळा बरोबरी होते. यावरून मी तरी एवढंच काढतो की फायदा पॉइंटचा नसावा.

पायवाट

नीरव, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. मेनोपॉजची ती चाचणी मला उलट आशादायक वाटते. दोन्ही गटांतल्या बायकांना बरं वाटलं! एक माणूस आपल्यासाठी तासभर बसतो, पावलांना हात लावतो, घाई करत नाही, आपलं बोलणं ऐकतो, आणि आपण पाय वर करून पडलेलो असतो, याचा शरीरावर परिणाम होतोच, श्वास संथ होतो, नाडी थोडी उतरते, खांदे सैल पडतात. तळव्याच्या त्वचेत दाब आणि कंप जाणणाऱ्या मज्जातंतूंची टोकं दाटीने असतात, मेंदूला तिथून भरपूर निरोप जातात, आणि सावकाश लयीत केलेला स्पर्श मेंदू "इथे धोका नाही" असाच घेतो. आजारी माणसाला स्पर्श मिळतो तो बहुतेक वेळा सुईचा, बीपीच्या पट्ट्याचा, ड्रेसिंग बदलण्याचा. ज्याच्यातून काहीच तपासायचं नाही, दुखवायचं नाही असा स्पर्श त्याला मिळतच नाही हो. मी हे काम करते ते यासाठी. नकाशा मला कामाचा क्रम म्हणून उपयोगी पडतो, कुठून सुरुवात करायची, काही सुटू द्यायचं नाही, एवढंच. यकृत बरं करतेय असं मी कोणाला सांगत नाही.

सुमेधा_र

मी फक्त वाचणारी, पहिल्यांदाच लिहितेय. आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, पसरलेला, केमो चालू आहे. ती रात्र रात्र जागी असते, पायाला मुंग्या येतात, चिडचिड होते. ओळखीत कोणीतरी रिफ्लेक्सॉलॉजी सुचवली. द्यावी का? काही वाईट तर होणार नाही ना? आणि कॅन्सर दाबामुळे पसरतो असं पण एकीने सांगितलं, त्याने फार घाबरले आहे.

पायवाट

सुमेधा, सगळ्यात आधी ती भीती सोड. पायाला हलका दाब दिल्याने कॅन्सर पसरतो असं काही नाही. गाठीवर, रेडिएशन चालू असलेल्या त्वचेवर, हाडात पसरला असेल तर त्या हाडावर दाबायचं नाही, हे पथ्य आहे, आणि पावलांत ते सहसा येत नाही. पण डॉक्टरांना विचारून घेच.

तुझ्या आईसारख्याच बायकांवर एक मोठी चाचणी झाली आहे, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, ॲडव्हान्स्ड ब्रेस्ट कॅन्सरच्या ३८५ बायका, केमो किंवा हार्मोनचे उपचार चालू असलेल्या. तीन गट होते, एकाला रिफ्लेक्सॉलॉजी, एकाला शिक्षण न घेतलेल्या व्यक्तीकडून साधं पाय चोळणं, एकाला नुसते नेहमीचे उपचार. रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात धाप लागणं कमी झालं आणि रोजची कामं करण्याची क्षमता सुधारली. थकवा मात्र साधं पाय चोळलेल्या गटातही कमी झाला. वेदना, मळमळ, चिंता, उदासी यांवर कशानेच फरक पडला नाही. आणि कोणालाही अपाय झाल्याची नोंद नाही. तेव्हा काय मिळेल आणि काय नाही हे आईला आधीच नीट सांग, म्हणजे तिची निराशा होणार नाही.

तिच्या बाबतीत दोन गोष्टी बघाव्या लागतील. केमोमध्ये प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरतात, तेव्हा पक्का दाब दिला तर निळे-काळे डाग पडतात, ताजा रिपोर्ट बघून दाब ठरवायचा. आणि मुंग्या येतात म्हणजे केमोमुळे नसांना त्रास झालेला असू शकतो, तेव्हा तिला दाब किती पडतोय हे नीट कळणारच नाही. तिच्या "चालेल" वर अवलंबून राहायचं नाही, तुमचा हातच हलका ठेवायचा. मुंग्यांबद्दल डॉक्टरांना वेगळं सांग, कधीकधी त्यामुळे केमोचा डोस बदलावा लागतो, हे फार महत्त्वाचं आहे.

नीरव

सुमेधा, काळजी घ्या. पायवाट यांनी सांगितलेली चाचणी मलाही या क्षेत्रातली बरी वाटते, तीन गट ठेवल्यामुळे. धापेच्या बाबतीत रिफ्लेक्सॉलॉजी साध्या चोळण्यापेक्षाही सरस ठरली हे मान्य करायला हवं. का, ते अजून कळलेलं नाही.

मोरपीस

मी वॉर्डात नर्स आहे. सगळं वाचलं, एक भर घालते कारण हे मी पाहिलेलं आहे. एकच पाय सुजलाय, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, लालसर झालीय, तर त्या पायाला कोणीही हात लावायचा नाही. मसाज नाही, रिफ्लेक्सॉलॉजी नाही, "जरा चोळून देते" नाही. रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. कॅन्सरच्या पेशंटना, ऑपरेशननंतर पडून असलेल्यांना, लांबचा प्रवास केलेल्यांना, बाळंतपणानंतर हा धोका जास्त. सरळ डॉक्टर गाठायचे, त्याच दिवशी.

दुसरं डायबिटीस. ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे, जखम आहे, पायाचा रक्तपुरवठा कमी आहे, त्यांना नखाचा ओरखडासुद्धा महागात पडतो. जखम, फ्रॅक्चर, ताप, त्वचेचं इन्फेक्शन, गाऊटचा ताजा अटॅक असताना नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दाब अगदी हलका.

गवतफुला

मोरपीस, हे ठळक केलंत ते बरं केलंत. गरोदरपणात चालतं का? बहिणीसाठी विचारतेय.

मोरपीस

पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक थेरपिस्ट स्वतःच घेत नाहीत, नंतरही घोट्याच्या आजूबाजूच्या जागा सोडतात. पॉइंट दाबून कळा सुरू होतात याला भक्कम पुरावा नाही, पण खबरदारी म्हणून ते पाळतात. डॉक्टरांना सांगूनच घ्यावं, आणि रक्तस्राव किंवा बीपीचा त्रास असेल तर नकोच.

अनुबंध

पायवाटताई, क्रिएटिनिन करून घेणार आहे. थेरपिस्ट बदलायचा झाला तर काय बघू? आणि सेशननंतर मला एक दिवस डोकं जड वाटतं, त्याला त्या "विषं बाहेर पडताहेत" म्हणतात.

पायवाट

अनुबंध, सेशननंतर सुस्ती, तहान, थोडं जडपण येतं, इतका वेळ पडून राहिल्यावर येणारच, दुसऱ्या दिवशी जातं. विषं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, तळव्यातून काही बाहेर पडत नाही. ते पाय बुडवायचं डिटॉक्स मशीन असतं त्यात पाणी तपकिरी होतं ते आतले लोखंडी इलेक्ट्रोड गंजल्यामुळे, पाय न घालताही होतं. त्रास वाढला की "बरं होण्याआधी असंच होतं" म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा, कारण त्या वाक्याखाली खरी दुखणी दडून राहतात.

माणूस निवडताना मी तरी एवढं बघेन की पहिल्या भेटीत आजार आणि औषधं विचारली का, "दुखलं तर सांगा" म्हणून सांगितल्यावर खरंच दाब कमी केला का, आणि तुम्ही म्हणालात की मला हे डॉक्टरांना विचारायचंय तर चेहरा पडला का. शिक्षण कुठे, किती काळाचं, प्रत्यक्ष सराव किती, हेही विचारा, कारण बऱ्याच देशांत यासाठी कायद्याने परवाना लागतच नाही, ब्रिटनमध्येसुद्धा नोंदणी ऐच्छिक आहे. आगाऊ मोठं पॅकेज गळ्यात मारत असतील तर निघून या. आणि "पाय दाबून गाठ विरघळेल" असलं काही ऐकलं तर दुसऱ्या भेटीची वाट बघू नका.

सुमेधा_र

सगळ्यांचे खूप आभार. आज डॉक्टरांशी बोलले, ते म्हणाले हलका दाब चालेल, पुढच्या रक्ताच्या रिपोर्टनंतर सुरू करा. मुंग्यांबद्दलही लिहून घेतलं त्यांनी. पायवाटताई, बाहेरून कोणाला बोलवण्याआधी मीच थोडं केलं तर चालेल का? आईला परक्या माणसाचा हात नको वाटतो सध्या. कसं करायचं ते सांगाल?

पायवाट

चालेल सुमेधा, उलट चांगलंच. शिक्षण न घेतलेल्यांच्या हातूनही थकवा कमी झालाच होता त्या चाचणीत. तू पायांपासून नको, हातांपासून सुरुवात कर, मुंग्या पायात आहेत ना. सलाइनची सुई किंवा सूज असलेला हात सोडायचा, आणि ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या असतील तो हातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. नखं कापून घे, अंगठी काढून ठेव, हात कोमट असू देत. तिचा तळहात तुझ्या दोन्ही हातांत नुसता धरून थोडा वेळ थांब, मग अंगठ्याने मनगटाकडून बोटांकडे हळूहळू सरकत जा, दाब इतकाच की पापणीवर ठेवलास तरी दुखणार नाही. प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत, ओढायचं नाही. दोन्ही हात मिळून पंधरावीस मिनिटं पुरेत. मध्येच झोप लागली तर तिथेच थांब, उरलेला हात राहू दे. तिला नको असेल त्या दिवशी आग्रह करू नकोस. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स बऱ्या आल्या की पावलांना याच दाबाने, आणि आधी तळवे रोज नीट बघायचे, कुठे फोड, चीर, लाली आहे का ते, कारण तिला ती जाणवणार नाही.